हुंगून सांगणारी बाई

"डोळे मिटा, अक्काताई," मी म्हटलं.

"कशापायी?"

"मिटा तर खरं."

अक्काताईंनी डोळे मिटले. खुर्चीत जरा ताठ बसल्या, पदर सारखा केला. कुणी पाहुणा आलाय आणि आता फोटो निघणार, असंच त्यांना वाटलं असावं. दुपारचे दोन वाजले होते. प्लास्टिकचे तुकडे करणारा कटर घरघरत होता, आणि मशीन चालवणारे दस्तगीरमामा हातातला पाना तसाच धरून आमच्याकडे बघत उभे होते.

दह्याच्या डब्याची एक पट्टी मी आधीच कापून ठेवली होती. ती लायटरनं पेटवली, फुंकून विझवली आणि निघणारा धूर त्यांच्या नाकाखाली धरला.

"सांगा."

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "एचडी."

चूक. दह्याचा डबा होता पीपीचा, दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा. मी दुसरी पट्टी पेटवली, ती शाम्पूच्या बाटलीची.

"आणि ही?"

या वेळी त्या जरा थांबल्या. "ही बी एचडीच."

हे बरोबर होतं, पण अंदाजानं. मग मी जे केलं ते आज सांगतानाही मला स्वतःची लाज वाटते. तिसऱ्यांदा मी काहीच पेटवलं नाही. लायटरचा नुसता खटका वाजवला, तोंडानं फू केलं आणि रिकामी बोटं त्यांच्या नाकाखाली धरली.

अक्काताईंनी पुन्हा तसाच लांब श्वास घेतला. "ही पीपी," त्या ठामपणे म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

माझी रिकामी बोटं त्यांना दिसली.

"तुम्हाला वास येत नाही ना?" मी विचारलं. "कधीपासून?"

"कामात काय चूक घावली काय, म्याडम?"

"पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना नापास झालाय. धुळीच्या शंभर कणांतले ब्याण्णव अडवायचं आपलं कापड, या वेळी एकोणपन्नास अडवले. निम्मी धूळ आरपार! मालात भेसळ झाल्याशिवाय असं होत नाही. आणि निवडायचं काम तुमचं आहे."

"मी भेसळ केल्याली न्हाई."

"अहो, तुम्हाला वासच येत नाही, तर तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी तोंड उघडलं, एकदा कटरकडं बघितलं, एकदा दस्तगीरमामांकडं, आणि परत मिटलं. माझा पारा चढलेला होता. खरं तर मी घाबरले होते, पण मला घाबरता येत नाही, मी रागावतेच. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका."

अक्काताई उठल्या. ज्या खुर्चीत बसायच्या ती प्लास्टिकचीच होती, भंगारात आलेली, मोडक्या पायाला त्यांनी स्वतः पट्टी वितळवून जोड दिलेला. ती त्यांनी पदरानं पुसली, भिंतीला लावून ठेवली, आणि चपला घालून निघून गेल्या. तीन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच मी दुपारी शेडबाहेर पडताना बघत होते.

"म्याडम," दस्तगीरमामा म्हणाले, "एचडी गेली असती तर कापडात गुठळी दिसली असती. गुठळी तर न्हवती."

"मग कशानं नापास झाला? तुम्ही सांगा!"

मामांना कमी ऐकू येतं. पस्तीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाच्या कानांचं दुसरं काय होणार? पण हे त्यांना नीट ऐकू गेलं होतं. ते पाना घेऊन मशीनकडे वळले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं.

आमचं गाव इचलकरंजी. घरात सहा माग होते. वडिलांनी आयुष्यभर कापसाचा कोंडा छातीत घेतला आणि साठीच्या आतच ते जिना चढताना तीनदा बसायला लागले. मी कापडाचंच शिक्षण घेतलेलं. डोक्यात एकच खूळ घेतलं, की या गावच्या मागांच्या शेडमधली हवा गाळायची, आणि तीही फेकलेल्या प्लास्टिकनं. लग्नाच्या हॉलमागं पडलेले दह्याचे, श्रीखंडाचे डबे, जेवणाच्या पार्सलचे डबे, हे सगळं पीपी नावाच्या प्लास्टिकचं असतं. ते धुवायचं, कापायचं, त्याचा दाणा करायचा. दाणा वितळवून बारीक भोकांतून गरम हवेच्या झोतात सोडला, की जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू उडतात आणि त्यांचं पांढरं, मऊ कापड जमतं. शेवटी त्या कापडावर विजेचा भार चढवायचा. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो ना, तसं ते कापड मग हवेतली धूळ धरून ठेवतं. अर्धं काम तंतू करतात आणि अर्धं हा भार करतो.

यात सगळ्यात मोठी भीती भेसळीची. शाम्पूच्या आणि तेलाच्या बाटल्या असतात एचडीच्या. पाण्यात दोन्ही तरंगतात, दिसतातही सारख्या. एचडी पीपीत मिसळली की तंतू जाड येतात आणि कापडात गुठळ्या पडतात. प्लास्टिक ओळखणारं यंत्र परदेशात मिळायचं, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

आमच्याकडं अक्काताई होत्या. तीस वर्षं पाठीवर पोतं घेऊन गावभर भंगार वेचलेली बाई. आमच्या दारात डबे विकायला आल्या आणि दस्तगीरमामांनी दुसरीकडून घेतलेल्या मालात हात घालून म्हणाल्या, ह्यात निम्मी एचडी हाय. मामांना पटेना. तेव्हा त्यांनी एक पट्टी पेटवली, हुंगली आणि मामांच्या नाकाखाली धरली. "बगा, मेणबत्ती इझवल्यागत वास येतोय का न्हाई?" मी दारातून हे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेतलं.

त्यानंतर मी त्यांना डोक्यावरच घेतलं म्हणा ना. कुणीही पाहुणा आला, कॉलेजची पोरं आली, बँकेचे साहेब आले, की मी त्यांना अक्काताईंच्या खुर्चीपुढं उभं करायची. "हे अक्काताईंचं नाक म्हणजेच आमची प्रयोगशाळा!" मग पट्ट्या पेटवायच्या, अक्काताईंनी हुंगून सांगायचं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. एका वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला होता. अशा दिवशी अक्काताई धुतलेलं लुगडं नेसून यायच्या. पाहुणे गेले की मागच्या नळावर जाऊन खाकरत बसायच्या. खोकला आमच्या गावात घरोघरी असतो, त्यामुळे तो वेगळा असा माझ्या कानावर कधी पडलाच नाही.

त्यांची एक खोड मात्र मला खटकायची. एक वाजता कटर बंद व्हायचा आणि सगळे जेवायला बसायचे. तेव्हा या नेमक्या ढीग पुढ्यात घेऊन निवडायला बसायच्या, आणि सगळे उठले की एकट्या भाकरी खायच्या. सकाळीही कटर सुरू व्हायच्या तासभर आधी येऊन बसलेल्या असायच्या. एकदा मी म्हटलं, "अहो, चारचौघींत बसून जेवावं माणसानं." त्या हसल्या. "मला तवाच बरं पडतंय," म्हणाल्या. मला वाटलं, बाई जरा तुटक आहे.

त्या वर्षी एका सूतगिरणीनं आमचं कापड घ्यायचं ठरवलं होतं. नमुना तीनदा पास व्हायला हवा, अशी त्यांची अट होती. दोनदा झाला. तिसऱ्या नमुन्याचा रोल दसऱ्याच्या तोंडावर निघाला आणि हा असा आपटला. गिरणीनं शेवटची संधी दिली, आठ दिवसांत दुसरा नमुना पाठवा, नाहीतर विषय संपला. विषय संपला असता तर शेड बंद पडली असती आणि त्यातली अकरा माणसं घरी बसली असती. पुण्याहून आलेल्या कागदावरचा एकोणपन्नासचा आकडा बघताच मला आठवलं, की पंधरा दिवसांपूर्वी कटरच्या मोटरचा पट्टा जळाला होता. इतका घाण वास, की आम्ही सगळे नाक धरून अंगणात पळालो. आणि अक्काताई त्या मोटरला पाठ लावून निवांत बसल्या होत्या. दोन्ही गोष्टी जुळल्या. मला गुन्हेगार सापडला.

दुसऱ्या दिवशी नव्या नमुन्यासाठी माल निवडायला मी स्वतःच बसले. शंका आली की पट्टी पेटवायची आणि हुंगायची, यात अवघड ते काय? पहिल्या दहा पट्ट्या बरोबर आल्या. विसाव्या पट्टीला सगळेच वास एक वाटायला लागले. दुपारपर्यंत घसा सोलवटला, डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी अर्धंच पोतं झालं होतं आणि जेवताना आमटीची चव कळेना. आई म्हणाली, "सर्दी झाली का गं?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरमामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात कापडाचे दोन तुकडे होते. मागवाल्यांची एक सवय असते, निघालेल्या प्रत्येक ताग्याचा वीतभर तुकडा कापून, त्यावर तारीख घालून जपून ठेवायचा. मामांनी ती सवय आमच्या शेडमध्येही आणली होती. लोखंडी कपाटात पिशवीत घालून असे तुकडे ते ठेवायचे.

"काय म्हणताय मामा?"

खिडकीच्या चौकटीवर साठलेला कापसाचा कोंडा त्यांनी चिमटीनं टेबलावर भुरभुरला. पहिला तुकडा त्यावर चार बोटं उंच धरला. कोंडा उडून तुकड्याला चिकटला. दुसरा तुकडा धरला. कोंडा जागचा हलला नाही. त्यांनी तुकडा खाली, अगदी टेकेपर्यंत आणला, तरी नाही.

"दोनी एकाच रोलचं," मामा म्हणाले. "ह्यो रोल उतरला त्याच दिशी कापून कपाटात ठिवल्याला. आणि ह्यो पूजंनंतरचा."

पूजा मीच केली होती.

खंडेनवमीला आमच्याकडं माग, मशीन, पाना-पकड सगळ्याची पूजा असते. त्या दिवशी गावातला खडखडाट थांबतो. आम्हीही शेड धुतली, मशीनला झेंडूच्या माळा घातल्या. तिसऱ्या नमुन्याचा तो रोल मी मुद्दाम मधोमध पाटावर ठेवला, उघडा. आईचं पितळी धुपाटणं घरून आणलं. निखाऱ्यावर ऊद घातला, वर तुपाची धार सोडली आणि रोलभोवती तीनदा ओवाळलं. एवढ्यानं समाधान होईना म्हणून धुपाटणं रोलच्या खालीच ठेवून दिलं. दारं लावलेली, धूर कोंडलेला. डोळ्यांतून पाणी गाळत मी हात जोडून उभी होते, देवा, हा एवढा पास होऊ दे. मामा तेव्हा म्हणाले होते, "धूर लई झालाय म्याडम." मी म्हटलं होतं, "होऊ दे की, सणाचा आहे."

तेलकट धूर बसला की कापडावरचा भार मरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी त्याचं पानभर उत्तर लिहिलं होतं.

"मामा, हे तुम्हाला परवा का नाही सुचलं?"

"सुचलं हुतं. तुमी ऐकायच्या मनात न्हवता."

कपाटातला तुकडा मी त्याच दिवशी पुण्याला पाठवला आणि तशीच अक्काताईंच्या घरी गेले.

त्यांचं घर नदीकडच्या वस्तीत, बाजाराच्या मागं. दारात गोणपाट अंथरून त्या बसल्या होत्या, पुढ्यात डब्यांचा ढीग. सकाळी पोतं घेऊन फिरून आल्या असणार. मला बघून उठल्या नाहीत, पण पाट पुढं सरकवला.

"बसा."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. धुपाटणं, ऊद, कोंडा, दोन तुकडे. "तुमचा माल चोख होता, अक्काताई. चूक माझी होती. मी तुमची माफी मागायला आले आहे."

त्या एकेक डबा उचलून बाजूला टाकत होत्या. हात थांबला नाही.

"पण मला एक कळत नाही," मी म्हटलं. "वास येत नसताना तुम्ही निवडत कसं होता?"

"डोळं मिटा," अक्काताई म्हणाल्या.

मी मिटले. माझ्या कानाजवळ त्यांनी काहीतरी चुरगाळलं. चुर्र असा आवाज झाला. मग दुसरं काहीतरी चुरगाळलं.

"सांगा, पीपी कंची?"

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. मला दोन्ही सारखेच वाटले. "दुसरी," मी म्हटलं.

"पयली. पीपी कडक बोलती, वाळल्या पानागत. एचडीचा आवाज दबका." त्या जराशा हसल्या. "आता तुमास्नी बी कामावरनं काढायचं काय?"

मी डोळे उघडले. मग एक वाजताचा तो बंद कटर, ती एकटीची भाकरी, सगळं एकदम समोर आलं. कटरच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून ही बाई तीन वर्षं जेवणाच्या वेळी जेवली नव्हती.

"पण मग पहिल्या दिवशी तुम्ही पट्टी का जाळलीत? हुंगून दाखवलंत ना मामांना?"

"दस्तगीरला ऐकू येतंय कुटं? मागापायी कान गेल्यात बिचाऱ्याचं. तेला पटवायचं कसं? म्हून जाळली. आनि तुमी दारात हुबा हुता."

"तुम्ही मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? तुमी किती खुशीत सांगायचा समद्यास्नी, अक्काताईचं नाक, अक्काताईचं नाक. कानाचं काय फोटूत दिसतंय व्हय?" त्यांनी हातातला डबा ढिगात टाकला. "मला बी ग्वाड वाटायचं, खोटं कशाला बोलू. जल्मभर लोकांनी मला बगून नाक मुरडलं. आनि तितं मोठी मोठी मानसं माज्या नाकाला टाळ्या वाजवत हुती."

गल्लीतून एक सायकल गेली. तिला वाट द्यायला मी पाय आखडून घेतले आणि विचारलं, "वास कधी गेला?"

"पयल्या वर्सी हुता की. मग पाव्हणं वाढलं."

"म्हणजे?"

"आवो, येक पाव्हणा आला की चार-पाच पट्ट्या. तुमी म्हनायचा, अजून येकदा दाखवा, फोटू नीट न्हाई आला. मी दाखवायचो. डबा डोळ्यांपुढंच असायचा, म्हून वास गेला तरी चुकलो न्हाई." आवाजात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. "रस्त्यावर हुतो तवा मी कदीमदीच जाळून बगायचो. कान हुतं, वरबडून बगायला नख हुतं. आता भाकरी करपली तरी सून वरडती तवा कळतंय."

मी हवा गाळायला निघाले होते. वडिलांच्या छातीतला कोंडा बघून निघाले होते. आणि माझ्याच शेडमध्ये, मीच लायटर पेटवून, जळक्या प्लास्टिकचा धूर या बाईच्या नाकाखाली तीन वर्षं धरत होते, वर टाळ्याही वाजवत होते. परवाची ती शेवटची रिकामी बोटंसुद्धा त्यांनी छाती भरून हुंगली होती, मी सांगितलं म्हणून. मला रडू फुटलं. मी चारचौघांत रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी त्या गोणपाटावर हमसून हमसून रडले.

अक्काताईंनी रडू दिलं. मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं.

"त्यो कपाटातला तुकडा हुईल का पास?"

"होईल."

"मग सोमवारी येतो मी. पन नाटक बंद."

"बंद."

"आनि कटर."

"सकाळी दोन तास बंद ठेवू. तुमचं निवडून झाल्यावरच चालू करायचा. जेवायला मात्र सगळ्यांबरोबर बसायचं."

सोमवारी त्या आल्या. भिंतीला लावलेली खुर्ची जागेवर ओढून घेतली, बसल्या, आणि सगळी शेड दोन तास कुजबुजत बोलायला शिकली. कपाटातला तुकडा ब्याण्णवनं पास झाला. गिरणीनं माल घेतला, आणि नंतर मागवाल्यांनीही घेतला. वडिलांच्या शेडमध्ये पहिला फिल्टर बसला तेव्हा ते त्याच्यापुढं खुर्ची टाकून दिवसभर बसून होते.

अक्काताईंना मी दोन डॉक्टरांकडे नेलं. छातीचा खोकला कमी झाला. वास परत आला नाही.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पूजा अंगणात मांडली आणि माल आत, दार लावून. धुपाटणं मी घरून आणलंच नव्हतं. अक्काताई पिशवीभर शेवंती घेऊन आल्या. मशीनला माळ घालता घालता त्यांनी सवयीनं एक फूल नाकाशी नेलं, तिथंच थबकल्या, आणि मग ते माझ्यापुढं धरलं.

"बगा वो, वास हाय का?"

मी फूल हातात घेतलं आणि डोळे मिटून हुंगलं.

"आहे. गोड आहे, आणि मागं जरासा कडवट."

"शेवंतीचा असतोय तसा," त्या समाधानानं म्हणाल्या आणि ते फूल त्यांनी माळेत ओवलं.

तेव्हापासून दर वर्षी त्या फुलं आणतात आणि मी हुंगून सांगते.